डोक्यावरचे सरगुंडे

आमच्या घरात 'पर्मनंट' हा शब्द गेली तीन वर्षं फक्त नोकरीसाठी वापरला जायचा, आणि तोही हळू आवाजात. भाचा माझ्याकडे राहतो, रोज गोंदियाला जाऊन एका कार्यालयात संगणकावर बसतो. अकरा महिन्यांचा करार, मग काही दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्यामुळे मागच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी तो अंगणातूनच ओरडत आला, "मामा, शनिवारी पर्मनंट करून घेतो!" तेव्हा बायकोनं हातातलं सूप खाली टाकून देवापुढे साखर ठेवली. मी पेढ्यांसाठी पाकीट चाचपलं. आईनं खाटेवरूनच विचारलं, "पगार किती देतेत?"

"देत नाहीत आजी, आपल्यालाच द्यावे लागतात. अडीच हजार."

आईला यात काही वावगं वाटलं नाही. "सस्त्यात झालं बाप्पा," ती म्हणाली.

विषय केसांचा आहे हे कळायला आणखी पाच मिनिटं गेली. तोवर साखरेला मुंग्या लागल्या होत्या.

दवनीवाडा हे गोंदिया तालुक्यातलं गाव. भोवती धानाच्या बांध्या, गावात पोलीस ठाणं आणि कटिंगच्या दुकानांत हिंदी नटांचे फोटो. त्या फोटोंखाली बसून आजवर कुणी त्या नटासारखं होऊन उठलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्या घराण्याचे केस तणसासारखे: सरळ, जाड, आणि कितीही पाणी मारलं तरी पुन्हा उभे. त्यात आमची झाडीबोली. तिच्यात 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो. डोळा तो डोरा, काळा तो कारा. म्हणून आईच्या तोंडी सरळ केस 'सरर' आणि कुरळे केस 'कुररे'. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात केसांची चर्चा नाही, सुरसुऱ्या पेटल्यात.

भाच्याच्या डोक्यात, म्हणजे आतल्या बाजूला, हे खूळ शिरलं ते मोबाइलवरच्या कोरियन मालिकांमुळे. त्यातल्या पोरांच्या कपाळावर कुरळ्या बटा अशा उतरलेल्या असतात की त्यांना समोरचं काही दिसत नसावं. म्हणूनच तर ती सोळा भाग एकाच पोरीला धडकत राहतात. आमच्याकडे धडकायची सोय वर्षातून एकदाच, मंडईत. दिवाळीचा पाडवा झाला की गावोगाव मंडया भरतात. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. सगेसोयरे मुक्कामी येतात, दिवसा दंडारीचं लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकी. भाच्याला मंडईच्या आत कुरळं व्हायचं होतं. 'क्ष' तारखेच्या आत पदभार स्वीकारावा, तसं.

मी मास्तर माणूस. धोका दिसला की आधी वाचून काढतो. वाचताना कार्ल नेसलर भेटला. हा जर्मन केशकर्तनकार. यानं 1906 च्या सुमारास लंडनमध्ये यंत्र लावून बाईचे केस कायमचे कुरळे करून दाखवले. जवळजवळ किलोभराचा एक, असे डझनभर पितळी रूळ डोक्यावर. ते वरून वजनं टांगून तोलून धरायचे, नाहीतर कुरळेपणाआधी मानेचा प्रश्न. मग ते विजेनं तापवायचे, शंभर अंशांच्या घरात. बैठक सहा तासांची. आणि हे सगळं आधी कुणावर करून पाहिलं? बायकोवर. पहिल्या दोन वेळा तिचे केस जळाले, टाळूही भाजली. तिसऱ्या वेळी जमलं.

"म्हणजे ती तिसऱ्यांदा बसली?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. इतिहासातल्या कुठल्याही घटनेबद्दल तिनं इतक्या पोटतिडकीनं चौकशी केल्याचं मला आठवत नाही.

नेसलरच्या त्या मिश्रणात गोमूत्र होतं असं सांगतात. हे कानावर पडल्याबरोबर आईचा विरोध निम्म्यावर आला.

आगीचं हे प्रकरण 1938 साली मिटलं. आर्नल्ड विलॅट नावाच्या गृहस्थानं बिनआचेची, थंड पद्धत काढली, आणि आज सलूनमध्ये चालते ती तिचीच पुढची पिढी. यंत्र गेलं, औषध आलं. औषधाचं काम मी आईला समजावायला बसलो. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे. त्या प्रथिनाच्या दोऱ्या एकमेकींना गंधकाच्या गाठींनी बांधलेल्या असतात. केस सरळ असो की कुरळा, त्याचा आकार त्या गाठी धरून ठेवतात. पहिलं औषध, अमोनियम थायोग्लायकोलेट, काही गाठी सोडतं. मऊ झालेला केस रुळाला गुंडाळलेलाच असतो, तो रुळाचा आकार घेतो. मग दुसरं औषध, हायड्रोजन पेरॉक्साइड, नव्या जागी पुन्हा गाठी मारतं.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हनजे सरगुंडेच."

सरगुंडे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी मला इथं जरा थांबावं लागेल, आणि त्यांची कीवही करावी लागेल. विदर्भात उन्हाळ्यात कणीक घट्ट मळतात, तिची सुतळीएवढी लांब दोरी ओढतात आणि तेलाचा हात लावून ती बारीक काडीवर वेढ्याला वेढा लावत गुंडाळतात. मग काडी हलकेच ओढून घ्यायची. सुपात उरतं ते पोकळ, वेटोळं, झुपकेदार प्रकरण. ते वाळवायचं, आणि आंब्याचा रस आला की उकडून रसासोबत खायचं. आई हे साठ वर्षं करतेय. तिच्या काड्यांची जुडी आढ्याला खोचलेली असते आणि तिला हात लावायची घरात कुणाला परवानगी नाही.

तर एकदा हे सरगुंडे आहेत असं ठरल्यावर आईनं भाच्याची जी उलटतपासणी घेतली, तशी कुठल्याही सलूनमध्ये होत नसेल.

"कनीक ताजी आहे का?" म्हणजे केसांवर याआधी काही केलंय का? भाच्यानं मान खाली घातली. गणपतीत त्यानं समोरची एक बट सोनेरी करून घेतली होती. ब्लीच केलेला केस आधीच पोकळ झालेला असतो, त्यावर पुन्हा हे औषध लावलं की तो ओल्या शेवईसारखा हातात येतो. माझ्या मावसबहिणीचं उदाहरण घरात होतंच. आम्ही कॉलेजात असताना तिनं लग्नाआधी नागपूरच्या एका पार्लरमध्ये केस कुरळे करून घेतले आणि त्याआधी महिनाभर काळी मेंदी लावत होती हे तिनं सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. काळी मेंदी म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांचं आणि पेरॉक्साइडचं पटत नाही. केस गरम होतात आणि तुटतात. लग्नाच्या सगळ्या फोटोंत तिचा पदर डोक्यावर आहे. सासरच्यांना फार संस्कारी सून मिळाली असं वाटलं.

"काडी केवढी?" बारीक रूळ म्हणजे घट्ट स्प्रिंगा, जाड रूळ म्हणजे नुसती लाट. भाच्याला लाट हवी होती. "घट्ट गुंडारतेत का?" हा आईचा कळीचा प्रश्न. फार ताणून बांधलेला केस औषधानं मऊ झाला की मुळाशी तुटतो. "एक करून पाह्यते का पहिले?" हे तर सलूनवालेही सांगतात: आधी एका बटेवर करून बघायचं. शिवाय दोन दिवस आधी कानामागे थेंबभर औषध लावून खाज, पुरळ येते का ते बघायचं. भाच्यानं गुरुवारी ते लावून घेतलं आणि पुढचे दोन दिवस तो भेटेल त्याच्यापुढे कान करायचा. शेजारच्या काकांना वाटलं, पोराला ऐकू येईनासं झालं. ते त्याच्याशी अजून मोठ्यानं बोलतात.

शनिवारी मी सोबत गेलो. हौस म्हणून नाही, साक्षीदार म्हणून.

गोंदियातल्या त्या सलूनमध्ये काम करणारा पोरगा विशीतला असेल, पण हात असा की बघत राहावं. त्यानं आधी ती सोनेरी बट कापून टाकली. मग भाच्याची टाळू नीट बघितली. कुठं खरचटलेलं, फोड आलेला असेल तर आज काम नाही, म्हणाला. मला तो तिथंच आवडला. कपाळाच्या कडेनं व्हॅसलिन, त्यावर कापसाची पट्टी, म्हणजे औषध डोळ्यांत उतरणार नाही. हातात मोजे. मग बोटभर रुंदीची बट घ्यायची, टोकाला पातळ कागद दुमडायचा म्हणजे टोक वाकडं होत नाही, आणि रूळ टाळूपर्यंत गुंडाळत न्यायचा. भंडारा-गोंदियाच्या माणसाला हे नवीन नाही. तेंदूच्या पानात जर्दा भरून हजाराच्या हिशेबानं बिड्या वळणाऱ्या बायांच्या मांडीवरच्या सुपाशेजारी आम्ही लहानपणी बसलोय. तीच बोटं, तीच टोकाची दुमड, तीच वर न बघता गप्पा मारायची कला. चाळिसेक रूळ लागले. पंचविसाव्या रुळापर्यंत भाच्याचा चेहरा कोरियन होता. त्यानंतर तो हळूहळू आमच्या आत्यासारखा दिसू लागला.

मग औषध. वासाबद्दल मी एवढंच सांगतो की नरकचतुर्दशी दुसऱ्या दिवशी होती आणि नरकाची कल्पना आदल्या दिवशीच आली. अमोनिया आणि नासकी अंडी. मी उठून खिडकी उघडली. "बरोबर केलं सर, हवा पाहिजेच," पोरगा म्हणाला. "तुम्ही केमिस्ट्रीचे का?" मराठीचा म्हटल्यावर त्यानं आदरानं खुर्ची दिली. मराठीच्या मास्तरला बसवूनच ठेवलेलं बरं, हा अनुभव सगळीकडे आहे.

शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी होती. जन्मजात कुरळे केस, दाट, मोत्याच्या घोसासारखे. ती ते सरळ करून घेत होती. तिथंही औषध त्याच कुळातलं: आधी गाठी सोडायच्या, तापलेल्या पट्ट्यांनी केस सपाट करायचा, पुन्हा गाठी मारायच्या. भाचा आरशातून तिच्याकडे बघत होता, ती आरशातून याच्याकडे. दोघांच्या नजरेत एकच भाव, की या माणसाला अक्कल कशी नाही. विधात्याकडे अदलाबदलीचं काउंटर असतं तर दोघांचे मिळून निदान पाच हजार वाचले असते.

मधेच पोरगा एक रूळ दोन वेढे सोडून बघायचा, वळण धरलं का म्हणून. आई पहिला सरगुंडा काडीवरून सरकवून बघते, तसंच. वेळेच्या बाबतीत तो पक्का होता. पाकिटावर लिहिलं असेल त्यापुढे एक मिनिट नाही. जास्त वेळ ठेवलं की जास्त कुरळे होत नाहीत, जास्त तुटतात. मग रूळ न काढताच खूप वेळ पाणी, टिपणं, दुसरं औषध, पुन्हा पाणी. तीन तासांनी रूळ निघाले आणि आमच्या सात पिढ्यांत पहिल्यांदा एका डोक्यावर वळण आलं.

"अठ्ठेचाळीस तास धुवायचं नाही, बांधायचं नाही, दाबायचं नाही," पोरगा म्हणाला. नव्या गाठी पक्क्या बसेपर्यंत.

इथं हेल्मेटचा प्रश्न उभा राहिला. गावात पोलीस ठाणं असल्यामुळे असेल, पण आमच्या घरात हेल्मेटवर तडजोड नाही. शेवटी मोटरसायकल ओळखीच्यांच्या अंगणात ठेवली आणि आम्ही काळीपिवळीनं निघालो. मागच्या बाकावर चौघांच्या जागी सहा, त्यात एका आजीबाईंच्या मांडीवर कोंबडी. भाचा पूर्ण रस्ता मान पुढे काढून बसला, दाराबाहेर बघणाऱ्या बोकडासारखा. कोंबडीनं एकदा त्याच्या डोक्याकडे नीट बघून घेतलं. अंडी घालायला जागा बरी आहे, असं तिला वाटलं असावं.

घरी आल्यावर आईनं दिवा जवळ धरून पाहणी केली. "झाले बाप्पा बरोबर," म्हणाली. "पन वारवाले पाह्यजे होते." साठ वर्षांच्या अनुभवावरून तिचं म्हणणं होतं की नवे सरगुंडे सुपात पसरून सावलीत ठेवावेत. भाच्याला सुपात ठेवणं शक्य नव्हतं.

पण पहाटे चार वाजता आई सगळं शास्त्र विसरली. नरकचतुर्दशी. हातात तेलाची वाटी, उटणं, शिकेकाई, चुलीवर कढत पाणी. अठ्ठेचाळीस तासांपैकी चौदाच झालेले. भाचा अंगणात, आई मागे, मी मधे.

"नाही न्हाला त नरकात जाशीन!"

"जाईन आजी, पण असाच जाईन!"

तह झाला तो असा: मानेपासून खाली संपूर्ण अभ्यंग, डोक्याला फक्त दुरून ओवाळणं. उरलेलं तेल आईनं माझ्या टकलाला लावलं. त्यावर कुठलंही औषध कुठल्याही गाठी मारू शकत नसल्यानं मी बिनधोक होतो.

मंगळवारी पहिल्यांदा केस धुतले, सौम्य शाम्पूनं आणि कोमट पाण्यानं, आणि तिथून भाच्याच्या आयुष्यात एक नवी आचारसंहिता सुरू झाली. पंच्यानं खसाखसा पुसणं बंद. जुना सुती टी-शर्ट घेऊन केस खालून वर दाबून टिपायचे. फणी बंद. मोठ्या दातांचा कंगवा, तोही केस ओले आणि कंडिशनर लावलेले असताना, टोकाकडून मुळाकडे. शाम्पू रोज नाही. पंधरा दिवस रंग नाही. या पोरानं तीन वर्षांत एकदाही स्वतःच्या चादरीची घडी घातली नव्हती.

त्यानं मोबाइलवरून एक जेल मागवलं. सहाशे रुपये. कुरळ्या केसांना आकार देणारं, 'फ्लॅक्ससीड'चं. बायकोनं डबीवरचं चित्र बघितलं आणि कोठीतून पत्र्याचा डबा आणून त्याच्यापुढे आपटला. जवस. आमच्याकडे धान उभं असतानाच बांधीत लाखोळी-जवस फेकतात, उतेऱ्याचं पीक म्हणतात त्याला. मूठभर जवस पाण्यात उकळला, गरम असतानाच फडक्यातून गाळला, की अंड्याच्या पांढऱ्यासारखं लिबलिबीत पाणी मिळतं. तेच ते सहाशेचं. दुसरी बाटली तांदळाच्या धुवणाची निघाली, कोरियाची म्हणून. तांदळाच्या जिल्ह्यात. आमची गाय गेली अकरा वर्षं ते बादलीनं पितेय आणि तिचं शेपूट खरोखरच झुपकेदार आहे, हे मात्र मला मान्य करावं लागलं.

खोबरेल तेलावरून भाचा आणि आई यांच्यात आठवडाभर अबोला होता. तो म्हणे, तेलानं वळण बसतं. ती म्हणे, तेलाशिवाय केस म्हणजे तणस. मी वाचलेलं मधे आणलं: मुंबईतल्या दोन संशोधकांनी 2003 साली सूर्यफूल, खनिज तेल आणि खोबरेल तपासून दाखवलं होतं की यांतलं खोबरेलच केसाच्या आत शिरतं आणि धुताना जाणारं प्रथिन वाचवतं. थापायचं नाही, न्हाण्याआधी थोडं लावून धुऊन टाकायचं. निकाल आईच्या बाजूनं लागला. "मुंबईले आता समजलं का?" एवढंच ती म्हणाली.

मग मंडई आली. भाचा नवा शर्ट घालून, जवसाचं पाणी लावून, बटा कपाळावर सोडून निघाला. दंडारीच्या फडाजवळ पोचला तर बाईचं सोंग घेतलेला एक नाच्या तंबूमागे टोप नीट करत उभा. त्यानं याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आपुलकीनं विचारलं, "कोनत्या पार्टीत आहेस गा?"

हे एक वेळ चाललं असतं. पण आईनं चार दिवसांत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कौतुकानं सांगितलं होतं, "आमचा पोट्टा परमनंट झाला. अडीच हजार लागले." मंडईत बातमी पायांनी नाही, पाळण्यानं फिरते. दुपारी तीन पाहुणे घरी आले. चहा झाला. मुलगी बारावी, डी.एड., शेती चार एकर. "पोरगा पर्मनंट झाला म्हणे?" पाहुण्यांतल्या थोरल्यानं विचारलं. "आणि फक्त अडीच हजारात? आमच्या पुतण्याचंही बघा ना जमलं तर."

मी खुलासा केला. एक मिनिट कुणी काही बोललं नाही. पाहुण्यांनी भाच्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा डोक्याकडे.

"मग हे तरी कायमचं आहे ना?" त्यांनी विचारलं.

तेही नाही. औषध लागलेला केस कुरळा राहतो, पण मुळातून येणारा नवा केस आपल्या घराण्याचा येतो, महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर. तीन-चार महिन्यांत वळण उतरू लागतं. म्हणजे अकरा महिन्यांचा करार यापेक्षा बराच पर्मनंट. पाहुणे उठले. जाताना थोरल्यानं भाच्याच्या बटेला हात लावून बघितलाच.

एप्रिलपर्यंत भाच्याचं डोकं दुमजली झालं. वरची सहा सेंटिमीटर तणस, खाली उरलेली लाट. पुन्हा करायचं असेल तर फक्त नव्या वाढीवर, जुन्यावर नाही, असं सलूनच्या पोरानं बजावलं होतं. पण करार मार्चमध्ये संपला होता आणि खंड लांबला होता. त्यानं गावातच, नटाच्या फोटोखाली बसून, खालचा मजला कापून टाकला. फोटोतल्यासारखा या वेळीही झाला नाही.

तो घरी आला तेव्हा आई ओसरीवर परात घेऊन बसली होती. कणीक मळून झालेली, काड्यांची जुडी आढ्यावरून उतरलेली. तिनं एक काडी त्याच्यापुढे केली. मी डोळे चोळले. ती काडी मला पन्नास वर्षांत मिळाली नव्हती. भाचा मांडी घालून बसला, तेलाचा हात पुसला, दोरी घेतली आणि मान एका बाजूला कलती करून टोक दुमडून वेढे घालू लागला. बराच वेळ दोघं काही बोलली नाहीत.

"ढिल्लं गुंडार," आई म्हणाली. "तुटते."